नारिंगी फिती आणि तीन पायांची शिडी

मी एक जुनी लाकडी शिडी आहे. मात्र मित्रांनो, भिंतीला पाठ लावून उभी राहणारी दोन पायांची आळशी शिडी डोळ्यांसमोर आणू नका. मला तीन पाय आहेत. दोन पुढचे, ज्यांच्यामध्ये पायऱ्या बसवल्या आहेत, आणि एक मागचा, लांब, झाडाच्या पोटात शिरणारा. सफरचंदाच्या झाडाला शिडी टेकवली तर फांदीही मोडते आणि माणूसही पडतो. म्हणून आम्ही बागेतल्या शिड्या कुणाला टेकत नाही, आपल्या पायांवर उभ्या राहतो. हा थोडा तोरा आहे, पण खोटा नाही.

मला याकिमा नदीच्या खोऱ्यात ऑस्कर नावाच्या सुताराने घडवले. लाकूड डोंगरावरच्या फर वृक्षाचे. गाठ असलेली फळी तो हातात घेऊन दोनदा फिरवी आणि बाजूला टाकी. उतारावर तिसरा पाय नेहमी चढाच्या बाजूला रोवायचा, हे तो विकत घेणाऱ्या प्रत्येकाला बजावून सांगे. मला व्हेनेमांच्या बागेने घेतले. तेव्हा डर्क व्हेनेमा शाळकरी पोर होता आणि बाग त्याच्या वडिलांची होती.

पुढची कितीतरी वर्षे मी राबले. आधी चेरी, मग नासपती, मग थंडी पडेपर्यंत सफरचंदे. माझ्यावरून किती माणसे चढली याचा हिशोब मी ठेवला नाही, पण त्यांचे तळवे मला पाठ आहेत. पायरीवर उभ्या माणसाचे तोंड शिडीला दिसत नाही. तिला फक्त त्याचा भार कळतो. उतावळा माणूस चवड्यावर चढतो, घाबरलेला टाचेवर रेलतो, आणि ज्याच्या मनात काही लपलेले असते तो प्रत्येक पायरीवर क्षणभर थांबतो. म्हातारे व्हेनेमा पाहुण्यांना सांगत की ही शिडी घरात आल्यापासून एकही माणूस पडला नाही. ते ऐकून मी ताठ उभी राही.

पण कौतुकाचे दिवस कुणाचे टिकले आहेत? नव्या तऱ्हेची झाडे आली. बुटकी, तारांना बांधलेली, द्राक्षांच्या वेलीसारखी ओळीत उभी केलेली. त्यांची फळे जमिनीवर उभे राहून तोडता येतात. उरलेल्या उंच झाडांसाठी ॲल्युमिनियमच्या हलक्या शिड्या आल्या. मला शेडच्या कोपऱ्यात टाकले. माझ्या वरच्या पायरीवर एक कोंबडी रात्रीची बसू लागली आणि तिने माझे काय केले ते मी सांगत नाही.

तिथून मला हॅली ब्रांडवोल्ड या बाईंनी बाहेर काढले. बागेला लागूनच शाळा आहे आणि तिथे त्या सहा वर्षांच्या मुलांना शिकवतात. त्यांच्या वर्गातली बहुतेक मुले बागेत राबणाऱ्यांची. घरी एक भाषा, अंगणात दुसरी आणि शाळेत तिसरी. पुस्तक उघडले की ही मुले खिडकीबाहेर बघत. बाईंनी ओळखले की त्यांना अक्षरांचे वैर नाही, अक्षरे कुणाची आहेत हेच त्यांना कळत नाही. मात्र कळीनंतर काय येते हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तेव्हा शिकवणे तिथूनच सुरू करायचे, असे त्यांनी ठरवले. डर्क व्हेनेमाने कुंपणालगतचे एक जुने उंच झाड शाळेला दिले आणि त्या झाडासोबत मलाही.

बाईंनी मला घासून धुतले, पांढरा रंग दिला आणि एकेका पायरीवर एकेक शब्द लिहिला. अगदी खाली मूळ. त्याच्यावर खोड. मग फांदी, पान, कळी, फूल, आणि सगळ्यात वर फळ. अर्थात शब्द त्यांच्या भाषेतले, पण झाडाचा क्रम सगळीकडे हाच. मूल पायरीवर बोट ठेवी, पहिल्या अक्षराचा आवाज काढी, मग अख्खा शब्द म्हणे, मग झाडाकडे जाऊन ती वस्तू हाताने दाखवी. एखाद्याने न वाचताच अंदाजाने शब्द ठोकून दिला तर बाई रागावत नसत. झाडाला विचार, म्हणत. झाडावर नुसत्या कळ्या असताना ‘फूल’ म्हणणारे पोर आपल्या आपणच ओशाळून परत पायरीशी येई. आधी काय, मग काय, पुढे काय येणार, हे ती झाडावर शिकली आणि तेच त्यांनी पुस्तकात नेले. मी गरीब लाकूड, पण मला वाटू लागले की आपले खरे काम आता कुठे सुरू झाले.

त्या मुलांत यारेत्सी नावाची एक मुलगी होती. हट्टी, कमी बोलणारी, पायरीवर बोट असे दाबून ठेवणारी, जणू शब्द पळून जाईल. तिचा बाप एवारिस्तो व्हेनेमांच्याच बागेत होता. त्याच्या खिशाला कायम पेन असे. त्याचा सदरा कामावरही खोचलेला असे. मुकादमाने कुठले पत्रक दिले की मजूर ते त्याच्याकडे नेत आणि तो ते हातात धरून, भुवया आक्रसून, आत काय आहे ते सांगे. सगळे त्याला ‘वकीलसाहेब’ म्हणत. त्यात थट्टा होती, पण मानही होता.

संध्याकाळी तो लेकीला न्यायला येई तेव्हा माझ्या खालच्या पायरीवर बसे आणि तिची परीक्षा घेई. ‘हे काय लिहिलंय, सांग बघू,’ म्हणे. ती सांगे. तो ‘बरं’ म्हणे आणि बोट वरच्या पायरीवर नेई. बरोबर की चूक ते तो कधीच सांगत नसे. सगळ्यांना वाटे, बाप कडक आहे. पण त्याचा भार माझ्यावर होता, आणि मी सांगितलेच आहे की लपवणारा माणूस कसा चढतो. मित्रांनो, एवारिस्तोला वाचता येत नव्हते. एक शब्दही नाही. लहानपणी, दूर मायदेशी, ओहाकाच्या डोंगरात त्याच्या वाट्याला शेळ्या आल्या आणि शाळा भावाच्या वाट्याला गेली. पत्रकात काय असेल याचा तो अंदाज करी. पत्रके तशी दरवर्षी सारखीच असतात, त्यामुळे अंदाज खरे ठरत आणि मान वाढत जाई. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि त्याने ती इतकी वर्षे झाकली की उघडायची कशी तेच तो विसरून गेला.

त्या वर्षी फुलोऱ्याच्या वेळी उबदार पाऊस झाला आणि पाकळ्या गळल्यावर बागेत करपा दिसू लागला. हा साधा करपा नव्हे. याने कोवळा शेंडा काळा पडतो, काठीच्या मुठीसारखा वाकतो आणि झाड आगीतून काढल्यासारखे दिसते. एका झाडावरून दुसऱ्यावर जायला त्याला पावसाची एक सर पुरते. आजारी फांदी खालपर्यंत कापून जाळायची, एवढाच उपाय. त्यासाठी बागेत एक रीत होती. मुकादम रोहेलियो ओळीओळीने फिरून आजारी फांदीला नारिंगी फीत बांधी. मागून करवतवाले येत आणि फीत दिसेल ते कापत. फितीवर काही लिहीत नसत, कारण मजुरांपैकी निम्म्यांना वाचता येत नसे. रंग बघायचा आणि करवत चालवायची. आणि एका झाडावर फितीच फिती दिसल्या, तर त्या झाडाची आशा सोडायची आणि ते मुळापासून पाडायचे.

रोहेलियोने शाळेच्या झाडावर एकच फीत बांधली होती, शेंड्याजवळच्या एका फांदीला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी ती पाहिली. एवढ्या मोठ्या झाडाला एकच फीत का, असे त्यांनी बाईंना विचारले. बाईंना वाटले, व्हेनेमांच्या घरून कुणीतरी मुलांसाठी हौसेने बांधली असेल. त्यांना त्यातून एक पाठ सुचला. त्या शेडकडे गेल्या. डर्क व्हेनेमाची बायको फोनवर बोलत होती. काय हवे ते तिने खुणेनेच विचारले, बाईंनी बोट दाखवले आणि तिने तशाच फितींचे अख्खे रीळ त्यांच्या हातात दिले. प्रत्येक मुलाने फितीवर आपले नाव लिहिले, आवडीचा एक शब्द लिहिला आणि आपली फांदी निवडून तिला ती बांधली. यारेत्सीला उंचच बांधायची होती. बाईंनी मला नीट रोवले, तिला दोन्ही हातांनी धरले आणि तिने माझ्या ‘फूल’वर उभे राहून गाठ मारली. मग घंटा झाली आणि मुले आत गेली.

मला रीत ठाऊक होती. मी बागेतच म्हातारी झाले आहे. त्या नारिंगी झाडाखाली उभी राहून मला जे दिसत होते ते त्या शाळेत कुणालाच दिसत नव्हते. मित्रांनो, शिडीला तोंड नसते याचे मला त्या दिवसाइतके दुःख कधी झाले नाही.

दुपारी पश्चिमेला ढग चढले. पाऊस यायच्या आत सगळे कापून व्हायला हवे म्हणून मुकादमाने माणसे वाटली. तो स्वतः बागेच्या पलीकडच्या टोकाला गेला आणि शाळेकडची ओळ एवारिस्तो आणि निकानोर यांच्याकडे आली. निकानोर तरुण, धिप्पाड, बोलका. यंत्राची करवत त्याच्याकडे असे. एवारिस्तोला तो मोठ्या भावासारखा मानी आणि त्याची चेष्टाही तोच सगळ्यांत जास्त करी.

ते दोघे झाडापाशी आले आणि थबकले. मुले आत जेवत होती. फिती वाऱ्यावर फडफडत होत्या.

“हे तर पोरांचं झाड,” एवारिस्तो म्हणाला.

“करप्याला काय शाळा कळते?” निकानोर म्हणाला. मग त्याने खालची एक फीत बोटात धरली. “पण यावर काहीतरी खरडलंय. मुकादम कधी लिहीत नाही. वाच की वकीलसाहेब.”

मला वाटले, सुटलो. आता तो म्हणेल, थांब, रोहेलियोला फोन करू. एवढेच म्हणायचे होते. वाचता येत नाही हेही सांगायला लागले नसते. एवारिस्तोने फीत हातात घेतली, भुवया आक्रसल्या. ज्याला वाचता येत नाही तो अक्षरांकडे बघत नाही, मित्रांनो. तो अक्षरांच्या जरा वर बघतो. एवारिस्तोने ढगांकडे पाहिले, करवतीकडे पाहिले.

“कापा, असं लिहिलंय,” तो म्हणाला.

निकानोरने मान हलवली. मुकादम कधीपासून लिहायला लागला, असे काहीसे तो पुटपुटला, पण वकीलसाहेबांनी वाचले म्हणजे प्रश्न मिटला. जवळून विजेची तार जात होती, म्हणून झाड एकदम पाडता येणार नव्हते. वरच्या फांद्या एवारिस्तोने हातकरवतीने उतरवायच्या, खालच्या निकानोरने दुसऱ्या बाजूने कापायच्या आणि शेवटी बुंधा, असे ठरले. निकानोरने कानांवर जाड झाकणे चढवली आणि दोरी ओढली. करवत गुरगुरली.

एवारिस्तो माझ्यावर चढला. मूळ, खोड, फांदी. प्रत्येक पायरीवर तो थांबत होता. खालून मोठा आवाज झाला आणि पहिली जाड फांदी जमिनीवर आली. तिच्यासोबत चार-पाच फिती आल्या. कोवळी, बोराएवढी फळे गवतात पसरली. एवारिस्तोने एकदा खाली वाकून पाहिले, पण तो चढत राहिला. पान, कळी, फूल. तिथे त्याच्या नाकासमोर एक फीत होती, नीट, सपाट, अक्षरे त्याच्याकडे तोंड करून.

त्याला एकच अक्षर ओळखता येई. लेकीच्या नावाचे पहिले. त्यांच्या लिपीत त्या अक्षराचा आकार बेचक्यासारखा असतो, खाली एक खोड आणि वर दोन फांद्या. शाळेच्या कागदांवर त्याने ते इतकेदा पाहिले होते की ते अक्षर आहे हेही तो विसरला होता. त्याच्या लेखी ती यारेत्सीच होती. तेच बेचके त्या फितीवर होते, जरा तिरके, दाबून काढलेले.

मला फक्त एवढे कळले की त्याचा सगळा भार एकाएकी टाचांवर आला. मग तो ओरडला. निकानोर दुसऱ्या फांदीच्या खाली उभा होता, कान झाकलेले, करवत लाकडात अर्धी शिरलेली. एवारिस्तो पुन्हा ओरडला. नंतर तो उतरू लागला, तोंड बाहेर करून, जसे कधीही उतरू नये. माझा तिसरा पाय मऊ मातीत कलंडला. मी त्याला सावरायला जीव एकवटला, पण तो खालच्या पायरीवरून घसरून गुडघ्यांवर आपटला. आमच्या घराण्यावरचा पहिला डाग. त्याने डोक्यावरची टोपी काढून निकानोरच्या पायांपुढे फेकली.

करवत थांबली. निकानोरने झाकणे खाली ओढली.

“काय झालं? माशी चावली?”

“थांब,” एवारिस्तो म्हणाला. “यावर कापा असं लिहिलेलं नाही.”

“आत्ता तर तूच वाचलंस.”

“ते माझ्या पोरीचं नाव आहे. बाकीच्या फितींवर काय आहे ते मला माहीत नाही.” तो अजून गुडघ्यांवरच होता. “मला वाचता येत नाही, निकानोर. कधीच येत नव्हतं.”

निकानोर आधी हसला. वकीलसाहेबांनी आज नवीन गंमत काढली, असे त्याला वाटले. एवारिस्तो हसला नाही तसे त्याचे हसू विरत गेले आणि त्या जागी दुसरेच काहीतरी आले. तो हळू आवाजात बोलला.

“परवा तुला नेरेइदाच्या औषधाची बाटली दाखवली होती मी.”

निकानोर एक पाऊल पुढे आला.

“तू म्हणालास, दिवसातून तीनदा, एकेक चमचा. बाटलीवर बोट ठेवून म्हणालास.”

“खोकल्याचं औषध बहुतेक तसंच असतं,” एवारिस्तो म्हणाला. “मी अंदाज केला.”

नेरेइदा निकानोरची मुलगी, दोन वर्षांचीही नव्हती. निकानोरने करवत जमिनीवर ठेवली. मला वाटले तो एवारिस्तोला मारणार. त्यालाही तसेच वाटले असावे, कारण तो हलला नाही, तोंड वर करून बसून राहिला. पण निकानोर त्याला ओलांडून गाडीकडे धावला. पोर दिवसभर पाळणाघरात असे आणि दुपारचा चमचा निकानोर तिथे जाऊन पाजी, म्हणून बाटली गाडीतच फिरत असे.

फांदी पडल्याचा आवाज ऐकून मुले दारात गोळा झाली होती. ब्रांडवोल्ड बाई पुढे येत होत्या आणि गवतात पडलेल्या फिती बघून त्यांचा चेहरा उतरला होता. त्या काही विचारणार तोच निकानोरने बाटली त्यांच्या हातात दिली. फितींचे मग बोलू, म्हणाला, आधी हे वाचा.

बाईंनी वाचले. मग पुन्हा वाचले, सावकाश, त्याला समजेल असे. “दिवसातून दोनदा. अर्धा चमचा.”

“अर्धा,” निकानोर म्हणाला. “ती कालपासून सारखी झोपते. मला वाटलं, खोकला उतरतोय.”

बाईंनी दवाखान्यात फोन लावला. पोरीला ताबडतोब घेऊन या, असे तिकडून सांगितले. निकानोरने गाडी वळवली. जाताना त्याने एवारिस्तोकडे पाहिलेही नाही. त्याने शिवी दिली असती तर बरे झाले असते.

थोड्याच वेळात मुकादम आला. पोरांच्या झाडाची अर्धी बाजू जमिनीवर बघून तो भडकला. इथे मी एकच फीत बांधली होती, शेंड्याला, बाकीच्या कुठून आल्या, असे त्याने विचारले. बाईंनी आपली चूक सांगितली. एवारिस्तोने आपली सांगितली, सगळ्या मुलांसमोर, सदऱ्याला माती लागलेली तशीच. मी सांगते, दुसऱ्यांदा सांगणे पहिल्याहून सोपे नव्हते. त्याचा आवाज ऐकू येईना.

रोहेलियो त्याच्याजवळ गेला. “माझी सगळी पत्रकं तू वाचून दाखवायचास.”

“हो.”

“आणि मी निवांत असायचो.” मुकादमाने तोंड फिरवले. मग त्याने ढगांकडे पाहिले. “बाकीचं उद्या. आता वर चढ आणि ती एक आजारी फांदी काढ. पाऊस आला तर हेही झाड जाईल आणि पलीकडची ओळही जाईल.”

एवारिस्तोने माझा तिसरा पाय नीट रोवला आणि तो चढला. शेंड्याजवळ एक कोरी फीत होती. तिच्यापुढचा शेंडा खरेच काळा पडून वाकला होता. त्याने खूप खालून काप घेतला, करवत औषधाने पुसली आणि फांदी उतरवली. खाली मुले गवतातल्या फिती गोळा करून वाचत होती, कुणाकुणाच्या गेल्या ते बघत होती. एक मुलगा रडत होता. पहिले थेंब पडले तेव्हा आजारी फांदी मुकादमाच्या गाडीत टाकून झाली होती.

शाळा सुटली. एवारिस्तो घरी गेला नाही. तो माझ्या खालच्या पायरीवर भिजत बसला. दवाखान्यातून निरोप आला नव्हता आणि निकानोर फोन उचलत नव्हता. यारेत्सी त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

“माझी परीक्षा घ्यायचास तेव्हा तुला काहीच कळायचं नाही?”

“नाही.”

“मी एकदा मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं. कळीला पान म्हटलं. तू बरं म्हणालास.”

त्याने तिच्याकडे पाहिले. “तेव्हाच कळलं तुला?”

“थोडंसं,” ती म्हणाली. “मग मी परत नाही केलं तसं.”

तो तोंड झाकून रडला. पोरीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तीही त्याच्याबरोबर भिजत राहिली.

अंधारून आले तेव्हा निकानोरची गाडी आली. तो उतरला आणि सरळ बाईंकडे गेला. बाईही तोवर शाळेच्या ओसरीवर थांबल्या होत्या. पोरीला दुपारभर ठेवून घेतले, तिला काही झालेले नाही, आणखी दोन दिवस तसेच दिले असते तर मात्र सांगता आले नसते, असे डॉक्टर म्हणाले. हे सगळे त्याने बाईंना सांगितले. एवारिस्तो ऐकू जाईल इतक्याच अंतरावर होता, पण त्याला नाही. मग तो पुन्हा गाडीत बसला आणि निघून गेला. एवारिस्तोने एकदाच खोल श्वास घेतला. त्याचा सगळा भार माझ्यावर आला तो तेव्हा.

मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल की पुढे सगळे गोड झाले. तसे झाले नाही. झाडाची एक बाजू अजून बोडकी आहे. मजुरांनी वकीलसाहेब म्हणणे सोडले आणि बरेच दिवस त्याला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. मुकादम आता फितीवर शब्दही लिहितो आणि चित्रही काढतो, आणि बाई विचारल्याशिवाय शेडमधला सुतळीचा तुकडाही घेत नाहीत. पण शाळा सुटल्यावर एवारिस्तो माझ्यापाशी येऊ लागला. खिशाचे पेन त्याने काढून ठेवले होते. यारेत्सी शिकवी, तो पायरीवर बोट ठेवी. पोरगी बाईंपेक्षा कडक निघाली. अंदाज केलास, म्हणे, झाडाला विचार. आणि तो बिचारा मोठा माणूस उठून झाडाला हात लावून येई.

एक दिवस निकानोर आला. त्याच्या हातात नवी बाटली होती. त्याने ती एवारिस्तोला दाखवली नाही, यारेत्सीलाही नाही. त्याला ती स्वतः वाचायची होती. तो माझ्या पलीकडच्या अंगाला बसला आणि ‘मूळ’पासून सुरू झाला. आता दोघेही रोज येतात. एकमेकांशी फार बोलत नाहीत. निकानोर तरुण आहे, त्याचे बोट भराभर वर जाते. एवारिस्तो ‘कळी’पाशी अजून अडखळतो. निकानोर त्याला शब्द सांगत नाही. पण तो एकटा पुढेही जात नाही, थांबतो.

माझे आता फारसे दिवस उरलेले नाहीत. एक पायरी आतून मऊ झाली आहे. हल्ली तिच्यावर पाय पडला की मी करकरते, आणि बाई लगेच त्या मुलाला खाली घेतात. सुतार येऊन ती बदलणार आहे. करकरणाऱ्या शिडीला लोक नावे ठेवतात, पण तिने कुणाचा जीव घेतल्याचे मी ऐकलेले नाही. माणूस मरतो तो न करकरता मोडणाऱ्या शिडीवरून. तेव्हा माझ्या बाळांनो, तुम्हाला जे येत नाही ते करकरत का होईना, पण वेळेवर सांगा. आणि दुसऱ्या कुणी तुम्हाला तसे सांगितले, तर हसू नका. खालच्या पायरीवर जरा सरका आणि त्याला जागा द्या.